‘हिडन फिगर्स’मधल्या बायका उगाच नटलेल्या नाहीत

‘हिडन फिगर्स’ (२०१६) या चित्रपटाविषयीचा एक मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. म्हणणं थोडक्यात असं: नासातल्या या कृष्णवर्णीय गणितज्ञ बायकांना कडक इस्त्रीचे कपडे, उंच टाचा आणि मोत्यांच्या माळा चढवून हॉलिवूडने त्यांचं दुःख गुळगुळीत केलं, १९६०च्या सुमारास एवढा थाट कुणाला परवडत होता, आणि कपड्यांचं कौतुक म्हणजे त्यांच्या बुद्धीचा अपमान. मला यातलं काहीच पटत नाही.

आधी थाटाचं. कॅथरीन जॉन्सन, डोरोथी वॉन आणि मेरी जॅक्सन व्हर्जिनियातल्या लँग्ली प्रयोगशाळेत पगारी नोकरीत होत्या. त्यांचे त्या काळचे फोटो काढून बघा, टापटीप डोळ्यांत भरते. चांगले कपडे शिवणारे हातही त्यांच्याच समाजात होते. १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये शिवणकाम करायच्या. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी झालेल्या जॅकलिन केनेडींचा १९५३ मधला लग्नाचा पोशाख बनवणाऱ्या अ‍ॅन लो याही कृष्णवर्णीयच.

‘गुळगुळीत केलं’ हा आरोप तर फारच खटकतो. मुळात त्या टापटिपीची किंमत काय होती, हे चित्रपट दाखवतोच. विंड टनेलच्या, म्हणजे जोरदार वारा सोडून यानाची चाचणी घेतात त्या बोगद्याच्या जाळीत मेरीची टाच अडकते, चाचणी सुरू होणार असते, तिला बूट तिथेच सोडून निघावं लागतं. कॅथरीन लांबच्या ‘कलर्ड’, म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या स्वच्छतागृहापर्यंत टाचांवर धावते आणि शेवटी पावसात निथळत साहेबाला सुनावते, की तुमच्या नियमात दागिना चालेल तो फक्त साधी मोत्यांची माळ, आणि ती घ्यायला पुरेल एवढा पगार तुम्ही आम्हाला देताच कुठे?

पडद्याबाहेर हे याहून भयंकर होतं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरात २८ मे १९६३ रोजी अ‍ॅन मूडी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी वूलवर्थ या दुकानातल्या, गोऱ्यांसाठी राखीव खाण्याच्या काउंटरवर निषेध म्हणून बसली. जमावाने तिला फरफटत नेलं, अंगावर केचप, मोहरीची चटणी, साखर ओतली. बूट गेले, वाळलेल्या चटणीने मोजे पायांना चिकटले. तिथून सुटल्यावर ती कुठे गेली? एका ब्यूटी पार्लरमध्ये, केस धुऊन बसवून घ्यायला. आधीपासून थांबलेल्या तिघींनी आनंदाने आपला नंबर तिला दिला. केस वाळेपर्यंत पार्लरवालीने तिचे मोजे काढून पायही धुतले, असं मूडीने आत्मकथनात लिहिलंय. त्या दिवशी केस बसवून घेणं म्हणजे नट्टापट्टा, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

चित्रपटाला बोल लावायचाच असेल तर जागा वेगळी आहे. गोरा साहेब स्वच्छतागृहाची ‘कलर्ड’ पाटी फोडतो, हा प्रसंग रचलेला आहे. लँग्लीत पाटी खरोखर हटवली ती तिथल्याच एक कृष्णवर्णीय कर्मचारी मिरियम मान यांनी. कॅन्टीनमधल्या टेबलावरची ‘कलर्ड कॉम्प्युटर्स’ (तेव्हा आकडेमोड करणाऱ्या बायकांनाच ‘कॉम्प्युटर’ म्हणत) ही पाटी त्या उचलून पर्समध्ये टाकायच्या. नवी आली की तीही. नोकरी जाईल, असं नवऱ्याने बजावूनही त्या थांबल्या नाहीत. पाटी यायची बंद झाली तेव्हाच हे संपलं. एवढा खरा प्रसंग हाताशी असताना शौर्य साहेबाच्या पदरात टाकलं, याचा मला राग आहे.

राहिला बुद्धीचा अपमान. कपडे आणि डोकं यांची अशी फारकत त्या बायकांनी स्वतः कधीच केली नव्हती. १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात अशाच गोऱ्यांसाठी राखीव काउंटरवरच्या धरण्यात उतरलेल्या, बेनेट या कृष्णवर्णीय मुलींच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनींना नीटनेटकेपणाचं वळण होतं, आणि ते वळण घेऊनच त्या शिव्याशाप देणाऱ्या जमावासमोर गेल्या. पुढे स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेच्या तरुणी मिसिसिपीतल्या शेतमजुरांमध्ये काम करायला लागल्या, तेव्हा त्यातल्या अनेकींनी ते चर्चला जायचे ठेवणीतले कपडे विचारपूर्वक बाजूला ठेवले आणि शेतमजुरांसारखे डेनिमचे ओव्हरऑल अंगावर चढवले.