पाऊस कायमच बदलत आलाय, मग काळजी कसली?

पहिली सर आली की घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड हमखास उगवतो. यंदा बी विंगच्या काकांनी टाकला. म्हणणं असं: मान्सून हिमयुगापासून जसाच्या तसा आहे, उलट तेव्हाच्या थंडीत तो जास्त कोसळायचा, आणि बदल झालेच असतील, तर तेव्हा गाड्या कुठे होत्या? पहिला आणि तिसरा मुद्दा एकमेकांनाच खोडतात, पण ते असो.

काका, जसाच्या तसा मुळीच नाही. आपल्या पार्किंगमध्ये लीकेज आहे तिथे मान वर करून बघा. स्लॅबला पांढऱ्या नळ्या लोंबताहेत, थेंबाथेंबाने साठलेल्या चुन्याच्या. गुहेतलं रसायन जरा वेगळं, पण प्रकार हाच, फक्त तिथे तो हजारो वर्षं चालतो. प्रत्येक थरात त्या काळच्या पावसाचा ऑक्सिजन अडकतो; पाऊस दमदार असेल तर जड ऑक्सिजन, म्हणजे त्याचे वजनाने थोडे जास्त असलेले अणू, कमी भरतो. मेघालयात, चेरापुंजीच्या बाजूच्या मॉमलू गुहेतल्या लवणस्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून ढेपाळल्याची खूण सापडली. ती इतकी ठळक, की २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी तेव्हापासून आजवरच्या काळाचं नावच ‘मेघालयन’ ठेवलं.

त्याच्याही आधी, साधारण ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी, सहारात तळी होती आणि त्यांत पाणघोडे डुंबत होते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. त्यामुळे तेव्हा पृथ्वी सूर्याच्या जवळ यायची ती आपल्या उन्हाळ्यात, आणि उत्तर गोलार्धाला त्या दिवसांत आजच्यापेक्षा जेमतेम सात-आठ टक्के जास्त ऊन मिळत होतं. तेवढ्यावर मान्सून वाळवंटात शिरला. काकांना यात दिलासा दिसतो, मला धडकी भरते.

थंडीत जास्त पाऊस, हे तर साफ उलटं. मान्सून चालतो तो तापलेल्या जमिनीवर आणि समुद्राच्या वाफेवर. २१,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, दोन्हींची बोंब होती, म्हणून पाऊस रोडावला. समुद्र तर १२० मीटर खाली गेलेला. आपली ठाण्याची खाडी ठणठणीत कोरडी.

राहता राहिल्या गाड्या. तो आसाचा डोल आजही चालू आहे, पण सध्या पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीत. म्हणजे त्या हिशेबाने आपला उन्हाळा सौम्यच हवा. शिवाय हिमयुग सरताना पाच-सहा अंश वाढायला दहाएक हजार वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाच्या वर गेलोय. अंटार्क्टिकाच्या बर्फातल्या बुडबुड्यांत आठ लाख वर्षांची हवा कोंडलेली आहे. तिच्यात कार्बन डायऑक्साइड, म्हणजे गाड्यांच्या धुरातूनही निघणारा आणि उष्णता धरून ठेवणारा वायू, दहा लाख भागांत ३०० भागांच्या वर फारसा कधी गेलेला नाही. आज तो ४२० च्या पुढे आहे.

आता काका २६ जुलै २००५ काढतील. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तोही गाड्यांमुळेच का? एका दिवसाचं खापर मी एका कारणावर फोडणार नाही. पण मध्य भारतात १९५० ते २०१५ मध्ये दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात तिथला एकूण पाऊस मात्र घटला.