बारा हजार ठिणग्या

"बाळा, अगरबत्ती ओली आहे वाटतं," असं अण्णा म्हणाले तेव्हा माझ्या डाव्या हातात ठिणग्या पाडायची ६५० रुपयांची कांडी, म्हणजे फेरो रॉड, होता, उजव्या हातात त्याच्यासोबत आलेली पत्र्याची पट्टी होती, समोर गणपती होता आणि पाठीमागे आरतीला उभी राहिलेली चौदा माणसं. त्यातल्या दोघांच्या हातात झांजा होत्या. झांजा हातात आलेला माणूस फार वेळ धीर धरू शकत नाही. मधूनमधून उगाच एक बारीक 'झिण्' व्हायचं आणि माझा हात चुकायचा.

प्रसंग साधा होता. भाद्रपदात आमच्या कोकणातल्या घरात सगळं सर्दतं. पापड, पुस्तकं, आणि काडेपेटी तर पहिल्यांदा. काडी ओढली की तिचं गूल पेटीवर लोण्यासारखं पसरतं. तीन पेट्या झाल्या. कापराची डबी उघडली तर झाकण सैल राहिल्यामुळे कापूर उडून गेलेला, आत फक्त वास. अशा वेळी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, "थांबा, माझ्याकडे आहे."

हे 'आहे' म्हणजे पोटमाळ्यावरचं सर्व्हायवल किट. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमची मावशी दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकली होती. त्या घाबरलेल्या आठवड्यात मी मुंबईत बसून ऑनलाइन हे किट मागवलं. शिट्टी, होकायंत्र, चॉकलेटच्या कागदासारखं चकचकीत पांघरूण, मासे धरायचा गळ, आणि पावसात, वाऱ्यात, बर्फातसुद्धा पेटणारा हा फायर स्टार्टर. मावशीला नंतर विचारलं, तेव्हा तुला काय हवं होतं गं? म्हणाली, प्यायचं पाणी, कोरडं लुगडं आणि चार्ज झालेला फोन. घरात कंबरभर पाणी असताना शेकोटी करावीशी कुणालाच वाटली नव्हती. आणि गळ! अख्खं गाव पाण्यात असताना मी मासे धरत बसणार होतो का? पण भीतीच्या भावात माणूस काहीही विकत घेतो, आणि विकणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

तर अण्णा. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी जग ही अजूनही एक गाडीच आहे. आत्याच्या गुडघ्याला ते 'बुश गेलंय' म्हणतात. माझ्या चार-पाच घासण्या त्यांनी मागे हात बांधून पाहिल्या. ठिणगीचं नाव नाही, नुसती करड्या रंगाची भुकटी पाटावर पडत होती.

"हे आहे काय?"

"फेरो रॉड. ठिणगी पडते याने."

"म्हणजे लायटरचा खडा."

"नाही अण्णा, हे वेगळं..."

"लायटरचाच खडा. पानाच्या गादीवर मिळायचा, तांदळाएवढा. हा वाढलाय फक्त. बिल आहे?"

मला सगळ्यात राग याचा आला की ते बरोबर होते. दोन्हीकडे धातू एकच. गॅसबत्तीचं मँटल ज्याने शोधलं, त्याच ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख या रसायनतज्ज्ञाने १९०३ मध्ये या मिश्रधातूचं पेटंट घेतलं. म्हणजे एके काळी आपल्या वराती ज्या बत्त्यांच्या उजेडात निघायच्या, तो उजेड आणि त्या वरातीत मागे चालणाऱ्या पाहुण्यांच्या लायटरची ठिणगी, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली. हे मी सांगू लागलो तेव्हा मागून 'झिण्' झालं.

"किती वेळा चालतं?" अण्णांनी विचारलं.

"पाकिटावर लिहिलंय, बारा हजार वेळा."

अण्णा वर आढ्याकडे बघू लागले. ते हिशेब करताना आढ्याकडेच बघतात. "पेटीत पन्नास काड्या धर. बारा हजार म्हणजे दोनशे चाळीस पेट्या. दोन रुपयाला एक. चारशे ऐंशी. तू दिलेस किती?"

मी गप्प.

"किती दिलेस?"

"साडेसहाशे."

"एकशे सत्तर वर दिलेस, आणि अजून पहिली पेटायची आहे."

चौदा माणसांत जे हसू पिकलं त्यात माझी सख्खी बायको होती. काडेपेटी चौदा वर्षं एक रुपयाला होती, डिसेंबर २०२१ मध्ये दोनची झाली. जुन्या भावाने अण्णांनी मला आणखी एकशे वीस... जाऊ द्या, दोनशे चाळीसने बुडवला असता. मला त्या घाईत साधी वजाबाकीही धड येत नव्हती.

"प्लग काळा झालाय," अण्णांनी निदान केलं. "ठिणगी म्हणजे प्लग. प्लग काळा झाला की घासायचा. कोयती आणा."

"देवासमोर कोयती?" आत्या म्हणाली. "दसरा महिन्यावर आहे अजून."

तरी कोयती आली. आता खरं काय बिघडलं होतं ते सांगतो, कारण मला ते त्या रात्री एक वाजता कळलं आणि एकट्याने सहन करायची माझी तयारी नाही. या कांडीवर कारखान्यातूनच काळा थर देतात, हवेपासून धातू जपण्यासाठी. तो खरवडून काढल्याशिवाय ठिणगी पडत नाही. मी मात्र किट आल्या दिवशी बाल्कनीत हौसेने दहा-बारा ठिणग्या पाडल्या होत्या, म्हणजे थर आधीच फोडून ठेवला होता, आणि मग ती तशीच उघडी कांडी ओलसर हातांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बंद केलं होतं. कांडीत सीरियम असतं, लोखंड असतं, बहुतेकदा मॅग्नेशियमही. दमट हवेत ती गंजते, फुगते, तिचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी करडी भुकटी होते. मी पावसाळ्याची दमट हवा पिशवीत भरून तिच्याबरोबर कोंडली आणि चार-पाच पावसाळे पोटमाळ्यावर मुरू दिली. लोणचं झालं असतं. वापरल्यावर पुसून कोरडी करा, तेलाचा हात द्या, किंवा मेण नाहीतर नेलपॉलिश लावून ठेवा, एवढंच करायचं असतं. पाकिटाच्या मागे मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ते लिहिलेलंही आहे. 'बर्फातसुद्धा पेटतो' हे मात्र पुढच्या बाजूला, बोटभर उंच.

अण्णांनी मांडी घातली, कोयतीच्या पाठीच्या कडेने कांडी खरवडली आणि दोन मिनिटांत आतला धातू चांदीसारखा दिसू लागला. पत्र्याची ती पट्टीही त्यांनी बाद केली. "हिला कड कुठे आहे? हिने पाठ खाजव." हेही बरोबर. चकमकीत गारगोटी घासून लोखंडाचे कण पेटतात, इथे कांडीचेच कण सोलून पेटायचे असतात. त्यासाठी काटकोनातली, धारदार कडेची पट्टी लागते. माझ्या पट्टीच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होत्या.

"काका, यूट्यूबवर तर लगेच पेटतं," आठ वर्षांची पुतणी म्हणाली. तिला मी प्रसादाच्या रांगेत शेवटी उभं केलं.

कोयती मी हातात घेतली. पहिल्याच ओढीला ठिणग्यांचा असा फवारा उडाला की झांजवाले दोघे मागे सरकले. तीन हजार अंशाच्या ठिणग्या म्हणतात, पण प्रत्येकीचं आयुष्य पापणी लवण्याएवढं. फुलवात तुपात भिजलेली. तुपात भिजलेली वात अशा ठिणगीला भीक घालत नाही, तिला कोरडा, पिंजलेला कापूस लागतो. "कापूस द्या कुणीतरी!" मी ओरडलो. आत्या म्हणाली, सगळा कापूस वस्त्रं करण्यात संपला. त्यात मी कोयती पुढे रेटत होतो, आणि हाताच्या झटक्याने निरांजन उलटं. तूप पाटावर. (कोयती जागच्या जागी धरून कांडी मागे ओढायची असते. हेही रात्री एक वाजता कळलं.)

अण्णांनी निरांजन सरळ केलं, पूजेचं तबक जवळ ओढलं आणि म्हणाले, "जोर नको, लांब ओढ." मी ओढली. आणि पेटलं.

पेटलं ते निरांजन नव्हे. तबकात जादा म्हणून ठेवलेलं कापसाचं वस्त्र पेटलं, कुंकवाची बोटं लावलेलं, हलकं, कोरडं, छान पिंजलेलं. पाच वर्षांतली माझी पहिली ज्योत. पिवळी, बोटभर, सरळ उभी. तिच्यावर वात धरायची, बस, एवढंच राहिलं होतं.

अण्णांनी फूऽऽ करून ती विझवली.

"देवाचं वस्त्र जळत होतं रे," ते म्हणाले.

मी कोयती खाली ठेवली. स्वतःच्या हाताची खात्री वाटेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी आल्या, हातात पेटलेली फुलवात, पळीत धरलेली. "मोदकांखालचा गॅस पाऊण तास चालूच आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं तुमचं काहीतरी विधीतलं चाललंय, म्हणून बोलले नाही."

आरती झाली. झांजा इतक्या जोरात मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या.

मुंबईला परत आल्यावर बिल शोधलं. सापडलंही. आजीवन वॉरंटी आहे. कंपनीला फोटोसकट मेल केला. काल उत्तर आलं की बदलून मिळेल, फक्त त्याआधी वस्तू चालू असल्याचा व्हिडिओ पाठवा. अण्णांना हे कुणीही सांगू नये.