मीटर लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नका

काल संध्याकाळी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट उतरताना वळणाच्या तोंडाशी मी ॲक्सिलेटर पूर्ण सोडला आणि तरीही मोटरसायकल मला पुढे ढकलत राहिली. मूठ सोडली की इंजिन गाडीला मागे ओढते, ते ओढणे जाणवलेच नाही. समोरून कासकडे जाणारी एस.टी. वर येत होती, म्हणून दोन्ही ब्रेक दाबून कडेच्या मातीत गाडी थांबवली, तेव्हा उभ्या जागी ती दोन हजाराच्या वर रेस धरून घुमत होती. हीच गाडी तीन तासांपूर्वी मी सर्व्हिस सेंटरमधून ‘ओके’ म्हणून, १,८६० रुपये मोजून घरी आणली होती.

तक्रार एवढीच होती, की पोवई नाक्यावरच्या गर्दीत गाडी हळू केली की बंद पडते आणि इंजिनातला बिघाड दाखवणारा चेकचा दिवा अधूनमधून लागतो. जॉबकार्डवर मी स्वतः उभे राहून हे लिहून घेतले होते. आत गेल्यावर कोणी काय केले, हे मला गोडोलीला घरी येऊन टाकी उचलल्यावर दिसले. थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या दोन स्क्रूंची डोकी खरवडलेली होती. कारखान्यात सेन्सर बसवताना सेन्सरच्या कडेवर आणि थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावर, मिळून पिवळ्या रंगाचा एक ठिपका दिलेला असतो, तो जागचा हलला आहे की नाही हे डोळ्यांनीच कळावे म्हणून. त्या ठिपक्याचे दोन तुकडे झाले होते आणि दोघांमध्ये दोन मिलिमीटरचे अंतर पडले होते. माझ्या गाडीत स्क्रूची भोके लांबट आहेत, म्हणून सेन्सर फिरतो; पण तो फिरतो म्हणजे कोणीही येऊन फिरवावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

मी फोन केला. ज्याने काम केले तो मुलगाच फोनवर आला. “अरे, किती व्होल्टला सेट केलास?” असे विचारले, तर म्हणाला, “काका, त्येला मीटर लागत न्हाय. आमी कानानं सेट करतो. स्लोला बंद पडत हुती, आता पडायची न्हाय.”

या ‘कानानं’ शब्दाने माझे डोके फिरले आहे, आणि ते अजून ठिकाणावर आलेले नाही. कानाने गाडी लावणाऱ्या मिस्त्रींविषयी माझ्या मनात आदर आहे. माझी जुनी कार्ब्युरेटरची गाडी सदर बझारमधले एक म्हातारे मिस्त्री वीस वर्षे कानानेच लावून देत होते. एअर स्क्रू अर्धा आटा मागे, पाव पुढे, आणि इंजिन सुतासारखे सरळ. तिथे कान चालतो, कारण स्क्रू फिरवला की पेट्रोल-हवेचे मिश्रणच बदलते आणि ते आवाजात ऐकू येते. थ्रॉटल सेन्सर मिश्रण करत नाही. मूठ किती उघडली आहे, एवढेच तो ईसीयूला, म्हणजे इंजिनाला किती पेट्रोल द्यायचे ते ठरवणाऱ्या गाडीतल्या संगणकाला, सांगतो. त्याला ५ व्होल्ट मिळतात, एक अर्थिंग असते आणि तिसऱ्या वायरीतून सिग्नल परत जातो. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये मूठ बंद असताना ०.६० ते ०.६४ व्होल्ट दिलेले आहेत. या मुलाने तो आकडा किती केला होता? ०.८३. म्हणजे मूठ मिटलेली असतानाही ईसीयूला कळत होते, की चालकाने ॲक्सिलेटर थोडा दिलेला आहे. मग उतारावर जे पेट्रोल तोडायचे, ते ईसीयू तोडणार कसे? गॅरेजच्या फरशीवर, गरम इंजिनावर, स्टँडला लावलेल्या गाडीत ते कानाला गोडच लागणार. घाटात जीव माझा जातो.

बरे, चेकच्या दिव्याचे काय केले? स्कॅनर लावला, ईसीयूने नोंदवलेला बिघाडाचा कोड न वाचता पुसून टाकला आणि ‘दिवा गेला’ म्हणून सांगितले. व्होल्टेज अगदी खाली पडले किंवा पाचाजवळ पोहोचले, तरच ईसीयू त्या सेन्सरचा कोड धरतो, ०.८३ हा आकडा त्याच्या दृष्टीने वैध आहे, त्यामुळे तो चुकीचा असला तरी दिवा लागत नाही. कोड मिटवून यांनी मूळ दुखण्याचा एकमेव पुरावा नष्ट केला आणि वर नवे दुखणे घालून दिले, जे आता कोणत्याही दिव्यात दिसणार नाही.

याच लोकांनी मागच्या पावसाळ्यात प्रेशर वॉशरची पिचकारी थेट टाकीखालच्या, वायरी जोडणाऱ्या कपलरवर धरली होती. त्याआधी एकदा चेन इतकी ताणून दिली, की मागे माणूस बसवल्यावर ती तंबोऱ्यासारखी वाजायची. एकदा वायरीला सुई टोचून करंट तपासला आणि ते भोक तसेच उघडे सोडले. साताऱ्याच्या पावसात तिथून पाणी आत जायला दोन महिने पुरतात. दर वेळी उत्तर एकच, “बीएस सिक्सला असंच होतं, काका.” बीएस सिक्स, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे निकष, १ एप्रिल २०२० पासून आले आहेत. इतक्या वर्षांत सर्व्हिस सेंटरमध्ये वातानुकूलित प्रतीक्षागृह झाले, कॉफीचे यंत्र आले. पण गाडी दुरुस्तीच्या प्रत्येक बेवर व्होल्ट मोजायचा चार-पाचशे रुपयांचा एक मल्टिमीटर आला नाही.

रात्री जेवण टाकून मी बसलो. आधी केबलचे ढिलेपण पाहिले, मग बॅटरी, मग थ्रॉटलच्या पडद्यावरची काजळी आणि इनटेकच्या रबराला चीर आहे का ते. सेन्सरची पाळी शेवटी येते. यांनी सुरुवातच तिथून केली होती. कपलर सोडवला आणि आत पाहिले, तर सिग्नलच्या पिनेवर हिरवा थर चढलेला. गाडी बंद का पडत होती आणि दिवा का लागत होता, हे तिथे नखाएवढ्या जागेत उघड दिसत होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन साफ केली, कपलर परत बसवला, मागच्या बाजूने रबराच्या सीलमधून बारीक टाचणी सरकवली, इंजिन बंद ठेवून चावी चालू केली आणि पिवळे दोन तुकडे जुळेपर्यंत सेन्सर फिरवत आणला. मीटरवर ०.६२ आले. मूठ अगदी सावकाश उघडत गेलो, आकडा कुठेही न अडखळता चढत गेला. सेन्सर पूर्ण निर्दोष होता. तो बिघडला असता तर माझ्या गाडीला तो सुटा मिळत नाही, अख्खी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते, आणि खरवडलेल्या स्क्रूंकडे बोट दाखवून हेच लोक मला ती घ्यायला लावणार होते.

आज सकाळी त्याच घाटात दोनदा वर-खाली करून आलो. मूठ सोडली की गाडी मागे ओढते आणि पोवई नाक्यावर स्लोला शांत उभी राहते.

दुपारी सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, की काम कसे झाले आणि पाचपैकी किती गुण द्याल. मी त्या मुलीला आधीचा आणि नंतरचा आकडा सांगितला आणि ते लिहून घ्या म्हटले, तर तिच्यापुढे ते लिहायला जागाच नव्हती. सोमवारी बिल, खरवडलेले स्क्रू आणि ठिपक्याचा फोटो घेऊन मी स्वतः जाणार आहे. दोन्ही स्क्रू नवे घेणार आहे, त्यांच्या खर्चाने. आणि यापुढे माझ्या जॉबकार्डवर काम करण्याआधीचे व केल्यानंतरचे व्होल्टेज लिहून सही करायचे कबूल केल्याशिवाय कोणालाही चावी देणार नाही.