'बायकोसाठी छोटंसं, हलकंसं रिव्हॉल्वर': एका फॉरवर्डला उत्तर

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून एक संदेश फिरतोय. थोडक्यात असा: 'बायकोची पहिली बंदूक म्हणजे पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर. हलकं, म्हणून झेपतं. कधी अडकत नाही. सेफ्टीची भानगड नाही, रोखा आणि दाबा. ट्रिगर जड वाटला तर स्प्रिंग बदलून घ्या. पर्समध्ये मावतं. वाढदिवसाला सरप्राइज द्या!' यात नवीन काही नाही. इथल्या बंदुकांच्या दुकानांत काउंटरमागचे काका वर्षानुवर्षं हेच ऐकवत आलेत. मी टेक्ससमध्ये राहते, रिव्हॉल्वर बाळगते आणि मला ते आवडतंही. म्हणून तर हा संदेश वाचून डोकं फिरलं.

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करते, कारण त्यात तुरुंग आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्यानं बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी नाही. पण नवरा ग्रीन कार्डवाला आणि बायको अजून स्वतःच्या एच-१बीवर, अशी जोडपी आपल्यात कमी आहेत का? तिला 'सरप्राइज' देणं म्हणजे तिच्या हातात गुन्हा देणं. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, वर हद्दपारीला कारण. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढांना परवान्याशिवाय बंदूक बाळगता येते, पण न्यू जर्सीत हँडगन घ्यायला घेणाऱ्याच्याच नावाचा खरेदी-परवाना लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गटात आणि टेक्ससमधल्या ह्यूस्टनच्या गटात एकच सल्ला चालत नाही.

आता 'हलकं म्हणून झेपतं'. हे बरोबर उलटं आहे. स्मिथ अँड वेसनचं ६४२ हे या प्रकारातलं अगदी नेहमीचं मॉडेल, वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आत. रुगरचं पोलादी एसपी१०१ सातशे ग्रॅमच्या आसपास. दोन्हींत तेच .३८ स्पेशल काडतूस घातलं, तर हलक्या बंदुकीतून हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण १.७ पट होते. गोळी जेवढा रेटा पुढे घेऊन जाते तेवढाच मागे येतो, आणि तो शोषायला धातू कमी. काका पुढे जाऊन .३५७ मॅग्नम हे त्याहून बरंच जोरदार काडतूस सुचवतात, तेही साडेतीनशे ग्रॅमच्या आतल्या बंदुकीत! नवशिक्याच्या हाताला दोन-तीन बारांतच धसका बसतो. मग चाप दाबण्याआधीच मनगट खाली झुकतं आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. हलकी बंदूक दिवसभर अंगावर वागवायला सोपी, झाडायला अवघड. ती सरावलेल्या हाताची वस्तू आहे.

(भारतातही हाच विचार झाला होता. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' काढलं: बायकांसाठी, पाचशे ग्रॅमचं, आणि दागिन्यांच्या मरून पेटीत! काडतूस मात्र .३२, म्हणजे निदान धक्का तरी माफक.)

'कधी अडकत नाही' हे अर्धसत्य. ऑटोमॅटिकपेक्षा (म्हणजे मॅगझिनवाल्या पिस्तुलापेक्षा) अडकायच्या जागा कमी, एवढंच. पण फार हलक्या रिव्हॉल्वरमध्ये धक्क्यानं न उडालेल्या काडतुसाची गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, फिरायचं थांबतं. एक्स्ट्रॅक्टरखाली (रिकामी टरफलं बाहेर ढकलणाऱ्या भागाखाली) बारुदीचे कण साचले तरी तेच होतं. आणि रिव्हॉल्वर अडकलं की ते तिथल्या तिथे सहसा सुटत नाही.

'रोखा आणि दाबा' म्हणणाऱ्यानं स्वतः किती दाबलंय, कुणास ठाऊक. बंदुकीचं वजन एक पौंडाच्या आत आणि ट्रिगर ओढायला लागतो बारा पौंडांच्या आसपास जोर, तोही लांबवर. दाबता दाबता पाच सेंटिमीटरची नळी डगमगते. वर नेम धरायला नुसती एक खाच आणि पुढे लहानसा करडा उंचवटा. त्या उंचवट्याला भडक नेलपॉलिश लावणं हा जुना आणि खरंच कामाचा उपाय.

स्प्रिंगचं मात्र ऐकू नका. स्प्रिंग मऊ केली की ट्रिगर हलका होतो, पण काडतुसाच्या बुडावरचा फटकाही कमजोर पडतो, आणि गोळी न सुटता नुसती 'टक' ऐकू येते. हे काम करायचंच तर जाणत्या गनस्मिथकडून, आणि नंतर जी काडतुसं बाळगायची त्याच काडतुसांची भरपूर चाचणी घेऊन.

खरी जुळवाजुळव मुठीत आहे आणि तिच्याबद्दल संदेशात चकार शब्द नाही. रिकामं रिव्हॉल्वर (सिलिंडर उघडून दोघांनी तपासलेलं) तिच्या हातात द्या. नळी कोपरापासूनच्या हाताच्या रेषेत असताना तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचतं का ते बघा. पोचत नसेल तर बायको नकळत बंदूक हातात फिरवून घेते आणि धक्का थेट अंगठ्याच्या सांध्यात जातो. उपाय म्हणून लोक जाड रबरी मूठ बसवतात. त्यानं धक्का मऊ होतो हे खरं, पण रबर मागच्या कण्यावरून (मुठीच्या मागच्या धातूच्या पट्टीवरून) आलं असेल तर ट्रिगर आणखी लांब जातो. लहान हाताला मागचा कणा उघडा ठेवणारी, करंगळीला जागा देणारी मूठ बरी. ही मूठ रिकामी टरफलं बाहेर पडताना आड येत नाही ना, हेही बघायचं. मूठ काही डॉलरांत बदलता येते, हात बदलता येत नाही.

पर्सबद्दल एकच सांगते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी, दुकानात खरेदी करताना, दोन वर्षांच्या मुलानं आईच्या पर्समधली बंदूक काढली आणि आई गेली. ती बंदूक ऑटोमॅटिक होती, पण पर्स तर तशीच असते: खांद्यावरून उतरते, ट्रॉलीत राहते. होल्स्टर, म्हणजे बंदुकीचं म्यान, अंगावर हवं आणि त्यात ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा.

मग घ्यायचं काय? मी सुरुवातीला पोलादी बंदूक सांगेन, त्यात .३८ ची १४८ ग्रेनची (हे गोळीचं वजन) मऊ वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीची काडतुसं. वजन नकोच असेल तर .३२ एच अँड आर मॅग्नम या काडतुसाच्या बंदुकीकडे वळा. स्मिथ अँड वेसननं २०२४ मध्ये आणलेल्या ४३२ यूसीमध्ये सहा गोळ्या बसतात, धक्का .३८ पेक्षा कमी, आणि त्यात .३२ लाँगची आणखी मऊ काडतुसंही चालतात. पण आधी रेंजवर जा, तिथे भाड्यानं चार-पाच प्रकार मिळतात. (व्हिसाचा नियम तिथेही विसरू नका, भाड्याची बंदूक हातात घेणं हाही ताबाच.) कोणतं घ्यायचं ते तिचं तिला ठरवू द्या. तोवर नवऱ्यानं काडतुसांचे पैसे भरावेत आणि मागच्या बाकावर गप्प बसावं.