मोठा पाइप टाकून चेंबर उफाळायचं थांबणार नाही

पहिला जोराचा पाऊस झाला की लहान शहरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द बदलतात, म्हणणं तेच: भुयारी गटाराचे पाइप जुने आणि लहान आहेत म्हणून चेंबर उफाळतात, नगरपालिकेने सगळी लाइन मोठ्या व्यासाची टाकावी, पावसाचं पाणी गटारात गेलं तर ते उलट धुऊन निघतं, आणि तोवर रस्त्यात पाणी तुंबलं की चेंबरची झाकणं उघडावीत. ज्याच्या मोरीतून मैलापाणी उलटं वर आलंय त्याचा संताप मी समजू शकतो. पण पाइप जुने आहेत एवढं सोडलं तर या मेसेजमधलं काहीही खरं नाही, आणि शेवटचा सल्ला तर जीव घेणारा आहे.

पाइप लहान असता तर तो जानेवारीतही तुंबला असता. २५ हजार वस्तीचं गाव धरू. माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी, हा केंद्र सरकारच्या मलनिस्सारण मॅन्युअलचा हिशोब. दिवसाला २७ लाख लिटर होतात. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी-धुणी एकदम निघतात, म्हणून एवढ्या गावासाठी सरासरीच्या अडीचपट प्रवाह धरतात. तो येतो सेकंदाला ७८ लिटर. आता एक गच्ची घ्या, १०० चौरस मीटरची. तासाला ५० मिलिमीटर दराने पाऊस कोसळला तर तिच्यावरून तासाभरात ५ हजार लिटर पाणी उतरतं, म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ लिटर. अशा साठेक गच्च्या गटाराला जोडलेल्या असल्या की अख्ख्या गावाच्या सकाळच्या सांडपाण्याइतकं पाणी पाइपात वरून येऊन पडतं. पाच हजार घरांच्या गावात फक्त साठ घरं!

आणि ही जोडणी कुठे दडलेली नसते. घराच्या मागच्या बोळात जाऊन बघा. गच्चीवरून उतरणारा पीव्हीसी पाइप जमिनीशी एल्बो घेऊन संडासाच्या चेंबरमध्ये शिरलेला दिसेल. बांधकामाच्या वेळी प्लंबरला तेच जवळ पडलं आणि मालकाला अंगणात पाणी नको होतं. बऱ्याच गावांत रस्त्याकडेला पावसाळी गटारच नसतं, त्यामुळे त्या मालकाला दुसरी वाट नव्हती हेही खरं. हा दोष नगरपालिकेच्या पदरात घालायलाच हवा.

मोठा पाइप टाकला तर? पावसाचे चार महिने सोडले तर त्यात तेवढंच सांडपाणी वाहणार, तळाशी पातळ धार होऊन. गाळ खाली बसू नये म्हणून गटारात सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग लागतो. तो मिळाला नाही की मैला आणि वाळू बसते, कुजते, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. मग पाण्याच्या जोरदार झोताने गटार साफ करणारं जेटिंग मशीन वेळेवर मिळालं नाही की कुणाला तरी आत उतरवलं जातं. २०१३ च्या कायद्याने कोणत्याही संरक्षणाशिवाय माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. शिवाय पाइप मोठा झाला म्हणून सांडपाणी उपसून शुद्धीकरण केंद्राकडे पाठवणारं पंपिंग स्टेशन मोठं होत नाही. चेंबर गल्लीत उफाळण्याऐवजी खालच्या वस्तीत उफाळेल, इतकाच फरक.

‘गटार धुऊन निघतं’ हे तर मला सगळ्यांत जास्त खटकतं. पाऊस रस्त्यावरची माती आणि वाळू आत ओढतो. पंपाच्या विहिरीत तीच साठते. शुद्धीकरण केंद्रात मैला खाणारे जिवाणू जपलेले असतात, ते लोंढ्याबरोबर वाहून जातात. जे पाणी केंद्रात मावत नाही ते तसंच नदीत, आणि नदीच्या खालच्या गावाची जॅकवेल, म्हणजे पिण्याचं पाणी उचलायची विहीर, तिथेच. गावातही धोका आहेच. जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या) पाइपांचे सिमेंटचे सांधे तडकलेले असतात. लाइन तुडुंब भरली की त्याच फटींतून मैलापाणी बाहेर जमिनीत झिरपतं. शेजारून पिण्याच्या पाण्याची लाइन गेलेली असते. आपल्याकडे पाणी दिवसाआड, तासभर. बाकीचा वेळ ती लाइन रिकामी, आणि रिकामी लाइन सांध्यांतून बाहेरचं पाणी आत खेचते. पावसाळ्यात गॅस्ट्रो आणि काविळीचे पेशंट वाढतात, त्यामागचा हा एक रस्ता आहे.

झाकण उघडण्याबद्दल एकच सांगतो. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी निघाले होते. उघडं मॅनहोल पाण्याखाली दिसलं नाही. दोन दिवसांनी वरळीला त्यांचा मृतदेह सापडला. तुमच्या गल्लीत शाळेची मुलं चालतात. झाकणाला हात लावू नका, आणि उघडं दिसलं तर तिथे कुणाला तरी उभं करून नगरपालिकेला फोन करा.

मग करायचं काय? पंपिंग स्टेशनवर ऑपरेटरची नोंदवही असते, कोणता पंप किती तास चालला त्याची. पाऊस थांबल्यावर काही तासांत पंप पूर्ववत झाले तर पाणी गच्च्यांतून आणि झाकणांतून येतंय. आठवडाभर पंप जास्त चालत राहिले तर जमिनीतलं पाणी सांध्यांतून आत झिरपतंय, तिथे दुरुस्ती लागेल. दोन्हींचे उपाय वेगळे आणि खर्चही वेगळे. गटारात निरुपद्रवी धूर सोडला की तो जोडलेल्या गच्चीच्या पाइपातून बाहेर पडतो. एकेक गल्ली अशी उन्हाळ्यातच तपासून होते. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराने १९९० च्या दशकापासून घराघरांत जाऊन पन्नास हजारांवर छपरांचे पाइप गटारातून सोडवले. आपल्याकडे आधी पावसाळी गटार, मग गच्चीचा पाइप तोडणं, खोलगट जागची झाकणं उंच आणि घट्ट करणं, आणि सांध्यांची दुरुस्ती, हा क्रम हवा. नव्या मोठ्या लाइनचं अंदाजपत्रक सभेपुढे येईल तेव्हा आपल्या नगरसेवकाला त्या नोंदवहीची मे आणि जुलैची पानं आधी मागायला सांगा.