चुका लिहू नका म्हणे!

‘२१ दिवसांत नवा माणूस’ हा फॉरवर्ड सध्या नाशिकच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. काल तो भाच्याच्या मोबाइलवर पोचला आणि त्याने मुकाट्याने चुकांची वही कपाटात टाकली. म्हणून हे लिहिणे आले. फॉरवर्डचे म्हणणे थोडक्यात असे: कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, पण एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चुका लिहू नका, लिहिलेली चूक पुन्हा घडते. एडिसन बल्बसाठी दहा हजार वेळा हरला, तुम्हीही हरत राहा. जुनी पद्धत एका दिवसात टाकून द्या. आणि पहाटे चारला उठा.

आधी वहीचे बोलू, कारण खरे नुकसान तिथे आहे. लिहिलेली चूक परत ओढली जाते, ही भानामती झाली, अभ्यास नव्हे. उलट न लिहिलेली चूकच ‘हे तर येत होतं मला’ म्हणत दोन दिवसांत विसरली जाते. दोन तासांचा सराव पेपर दिला तर तपासायलाही दोन तास ठेवा. चुकलेला प्रश्न उत्तर झाकून पुन्हा सोडवा. आता जमला, तर घोळ वाचण्यात किंवा घाईत होता. नाही जमला, तर विषयच कच्चा आहे. मग वहीत चार रकाने: विषय, मी दिलेले उत्तर, ते मला बरोबर का वाटले, पुन्हा कधी सोडवायचे. तिसरा रकाना बहुतेक जण मोकळा सोडतात आणि वहीचा जीव नेमका त्यातच असतो. ‘सिली मिस्टेक’ असे तिथे लिहायचे नाही. ‘अयोग्य विधान ओळखा’मधला ‘अ’ नजरेतून सुटला, असे लिहायचे. हीच नोंद पाच वेळा आली, तर आणखी एक पुस्तक आणून उपयोग नाही. प्रश्न वाचताना त्या शब्दाखाली पेनने रेघ मारायची.

पेपर सोडवतानाच प्रत्येक उत्तरापुढे खूण करा: खात्री, दोनांत अडकलो, तुक्का. तुक्क्याने बरोबर आलेले उत्तरही वहीत जाते. निगेटिव्ह मार्किंगचा हिशोब बघा. दोन गुणांचा प्रश्न, चार पर्याय, चुकल्यास अर्धा गुण कापला जाणार. डोळे मिटून मारलेल्या तुक्क्यातून सरासरी ०.१२५ गुण मिळतो. एक पर्याय खरोखर बाद करता आला तर ०.३३. पण ‘खरोखर’ बाद करता येतो की तसे नुसते वाटते, हे आपल्याच खुणा मोजल्याशिवाय कळत नाही.

वही फसते तीही ठरलेल्या कारणांनी. उत्तरतालिकेतले स्पष्टीकरण जसेच्या तसे उतरवले जाते, तीन रंगांची पेने फिरतात आणि वही पुन्हा उघडली जात नाही. प्रश्न दोन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा सोडवा. तिन्ही वेळा बरोबर आला की ती ओळ खोडा.

हे पटत नसेल तर निफाड-दिंडोरीच्या कुठल्याही द्राक्ष बागायतदाराला विचारा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्या फुटण्यासाठीची छाटणी) दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घडाची घडण होते. तेव्हा पाणी आणि नत्र जादा झाले, तर ते कळते थेट ऑक्टोबरच्या, फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर, घड न निघालेल्या काडीवर. एप्रिल-मेची नोंद नसेल तर दोष ऑक्टोबरच्या फवारणीवर जातो आणि पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा.

२१ चा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनकडून. रुग्णाला आपला नवा चेहरा सवयीचा व्हायला किमान साधारण २१ दिवस लागतात, असे त्याने १९६० मध्ये लिहिले होते. त्यातला ‘किमान’ फॉरवर्ड होता होता गळाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी १२ आठवडे तपासल्या. २०१० मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवसांचा होता आणि पल्ला १८ ते २५४ दिवसांचा; बारा आठवड्यांपुढचे आकडे अर्थात गणिताने काढलेला अंदाज. म्हणजे एखाद्याला २१ दिवस पुरतीलही, एवढे मान्य. पण एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. ‘पुन्हा पहिल्यापासून’ने मात्र चांगली चाललेली पोरे विसाव्या दिवशी सगळेच सोडतात.

एडिसनची ती गोष्ट मुळात बल्बची नाही, साठवण बॅटरीची आहे. ती सांगितली त्याचा सहकारी वॉल्टर मॅलरी याने, आणि त्यातला आकडा नऊ हजारांच्या वरचा. शिवाय या माणसाच्या प्रयोगशाळेतून हजारो वह्या मागे राहिल्या. चुका लिहू नका म्हणणाऱ्यांनी दाखला द्यायला माणूस निवडला तो हा!

पद्धत बदलायला हवी, हे अर्धे खरे. तीन पेपरांत गुण तिथेच अडकले तर बदलाच. पण एका वेळी एकच गोष्ट, आणि निदान चार पेपर. बागायतदार नवे संजीवक (वाढीचे औषध) आधी दोन ओळींवर मारून बघतो आणि शेजारच्या दोन ओळी जुन्याच पद्धतीवर ठेवतो. पुस्तक, वेळ, क्लास सगळे सोमवारी बदलले, तर गुण वाढले काय किंवा घसरले काय, कशामुळे ते कळणार नाही.

पहाटे चारचे म्हणाल, तर रात्री नऊला झोपणाऱ्याने खुशाल उठावे. एकला झोपून चारला उठणाऱ्याने पंधरा दिवसांनी वही काढून सुटलेले ‘अ’ मोजावेत.