आजचा धूर कोणाचा?

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या आमच्या ओटल्यावर त्या रविवारी पोहे यायच्या आधीच वाद पेटला. बागेच्या कोपऱ्यात चौकीदाराने वाळक्या पानांचा ढीग पेटवला होता. डिसेंबरची सकाळ, वारा नाही. धूर वर चढेना, कमरेएवढ्या उंचीवरून गल्लीभर पसरत होता.

माझ्या आईला दमा आहे. थंडीत पहाटे फिरायला जाऊ नका, ऊन चांगलं वर आलं की जा, असं डॉक्टरांनी तिला बजावलंय. गार हवा जमिनीलगत बसून राहते, वर उबदार हवेचं झाकण असतं, त्यामुळे रात्रीचा सगळा धूर सकाळी खालीच साचलेला असतो. सत्तर वर्षं पहाटे उठणारी बाई आता खिडकीशी बसून ऊन येण्याची वाट बघते. म्हणून हा विषय मला सोडून देता येत नाही.

"दोन पानं जळली तर एवढं काय?" दिलीप म्हणाला. "२०१७ पासून स्वच्छतेत आपण पहिले. स्वच्छ वायु सर्वेक्षणात २०२३ ला पहिले, २०२५ ला परत पहिले. अजून काय पाहिजे?"

हा अभिमान मलाही आहे. ओला-सुका वेगळा करायला आमच्या आईलाच मी शिकवलंय. देवगुराडियाला २०२२ पासून रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा गॅसचा प्लांट उभा आहे, त्या गॅसवर सिटी बस धावतात. हे या शहराच्या घराघरातून झालंय.

"पण तो हवेचा नंबर कशाचा, ते तरी बघ," मीनलताई म्हणाल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. "कचरा जाळणं थांबवायला काय केलं, रस्त्यावरची धूळ, बांधकामाचा मलबा, गाड्यांचा आणि कारखान्यांचा धूर, यांवर काय काम झालं, त्याचे गुण असतात. आणि पीएम १०, म्हणजे हवेतले दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, किती घटलं त्याचे. काम केलं म्हणून गुण मिळाले, ते योग्यच आहे. हवा शुद्ध झाली, असं त्यात कुठे म्हटलंय?"

"दोन्ही एकच ना?"

"नाही रे. रात्री झाडणाऱ्या मशीन फिरतात, त्या धूळ उचलतात. धूळ जाड असते, बरीचशी नाकात-घशात अडकते. धुरातले कण अडीच मायक्रॉनहून बारीक, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाएवढे. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तातही उतरतात. त्यांची वर्षाची सरासरी आपल्या देशाने घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालवून घेतलीय, जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणतेय. झाडूने धूर झाडता येत नाही."

"मग शेतकऱ्यांना सांगा की! नरवाई, ते शेतातले खुंट, कोण जाळतं?"

इथे नाना तापले. सांवेरकडे त्यांची शेती आहे. "नरवाई जळते एप्रिलमध्ये, गहू निघाल्यावर. आज डिसेंबर आहे. आजचा धूर कोणाचा, ते सांग मला!"

दिलीप गप्प बसला. नानाच पुढे बोलले, आणि मला त्यांचं बोलणं फार खरं वाटलं. "आमच्याकडे जाळतात, मी नाकारत नाही. हार्वेस्टर वरून ओंब्या घेऊन जातो, खाली हातभर खुंट उभे. कापायला मजूर मिळत नाही. मूग पेरायचा तर हातात थोडे दिवस, आणि काडेपेटी सगळ्यांत स्वस्त. मी दोन वर्षं भुसा करायची मशीन लावतोय. गुरांना भुसा होतो, मातीतला जीव जळत नाही. पण गावात मशीन एकच. नंबर लागेपर्यंत शेजारचा कंटाळून पेटवतो, त्याला नुसती दंडाची नोटीस देऊन काय होणार? आणखी चार मशीन द्या की!"

मग गाडी शहराच्या धुराकडे वळली. सुधीर बसने जाणारा माणूस. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे बससाठीची वेगळी मार्गिका, २०१३ ला सुरू झाला तेव्हापासून तो स्कूटर घरी ठेवत असे. २०२५ ला हायकोर्टाच्या आदेशानंतर ती मार्गिका काढायला घेतली. दिलीपचं म्हणणं, गाड्यांना जागा मिळेल, कोंडी सुटेल, धूर कमी होईल. सुधीर म्हणाला, "जागा झाली की गाड्या वाढतात. माझी बस आता तुझ्या कारच्या मागे उभी राहणार. उशीर व्हायला लागला की मीही स्कूटर काढीन, तेव्हा धूर कमी होईल का?" मेट्रो मे २०२५ ला सुरू झाली, पण सुरुवातीला सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर जेमतेम सहा किलोमीटर. राजेंद्रनगरच्या माणसाला तिचा आज उपयोग नाही. या वादात मी पूर्ण सुधीरच्या बाजूने आहे. बस अडकली तर बाकी सगळे उपाय लंगडे पडतात.

दिलीप म्हणाला, "म्हणजे मी एकट्याने काय करायचं?"

"सिग्नलवर गाडी बंद कर," मीनलताई म्हणाल्या. "समोर सेकंद दिसत असतात, तरी सगळे इंजिन चालू ठेवून उभे. मागे स्कूटरवर लहान मूल असतं, त्याचं नाक बरोबर पुढच्या गाडीच्या सायलेन्सरच्या उंचीला येतं."

एवढ्यात वाऱ्याची एक झुळूक आली आणि धूर आमच्याच ओटल्यावर आला. दिलीप खोकत उठला, पोहेवाल्याकडची पाण्याची बादली घेतली आणि तरातरा कोपऱ्याकडे निघाला. आम्हीही मागोमाग गेलो.

चौकीदार हात शेकत बसला होता. "साहब, रात भर यहीं बैठता हूँ। ठंडी बहुत है।"

दिलीपच्या हातातली बादली तशीच राहिली. पानं जळतात ती कचरा म्हणून, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

नानांनी त्याच्या चौकीत डोकावून पाहिलं. दाराला फट, खिडकीला काच नाही, दिव्याचं बटण मात्र होतं. तिथेच वर्गणी निघाली. दाराला पत्रा, खिडकीला काच, एक छोटा हीटर आणि जाड घोंगडी. विजेचं बिल सोसायटीच्या खात्यातून भरायचं, हे मीनलताई मीटिंगमध्ये मांडणार. पानांसाठी बागेच्या मागच्या भिंतीलगत खड्डा खणायचा, खत होईल. जागा नानांनी पावलांनी मोजून दाखवली.

मग दिलीपने चौकीदाराला विचारलं, "आता विझवू?" तो उठून बाजूला झाला, तेव्हा त्याने बादली ओतली.